सिंगल बारवर ताकदीआधी आकार

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या हॉरिझॉन्टल बार प्रकारातील अंतिम फेरी संपली तेव्हा गुणफलकावर पहिल्या दोन क्रमांकांपुढे एकच आकडा होता, १४.५३३. जपानचा शिनोसुके ओका आणि कोलंबियाचा आन्हेल बाराहास यांच्यात हजारांश गुणाचाही फरक नव्हता. सुवर्णपदक मात्र एकट्या ओकाला मिळाले. बाराहासने अधिक अवघड कसरती निवडल्या होत्या, तर ओकाने आपल्या कसरती अधिक निर्दोषपणे केल्या होत्या. समान गुण झाल्यास सादरीकरणाचे गुण ज्याचे जास्त तो वरचढ, असा नियम आहे. हे सादरीकरणाचे गुण दहापासून सुरू होतात आणि वाकलेला गुडघा, दुमडलेले कोपर, विलग झालेली पावले अशा प्रत्येक दोषासाठी त्यांतून ०.१, ०.३ किंवा ०.५ कापले जातात. दांड्यावरून पडल्यास एक पूर्ण गुण जातो. म्हणजे सुवर्ण आणि रौप्य यांतले अंतर शेवटी शरीराच्या ठेवणीने ठरले.

ऑलिम्पिकची गोष्ट आपल्यापासून दूरची वाटेल. पण हाच प्रश्न आज शहरातल्या कितीतरी व्यायामप्रेमींपुढे वेगळ्या रूपात उभा आहे. महापालिकेच्या उद्यानात, सोसायटीच्या गच्चीवर किंवा जिममध्ये दांड्याला लटकणारी मंडळी वाढली आहेत. साधे पुल-अप्स जमू लागले की मन पुढच्या कसरतींकडे धावते. झोका घेऊन केलेले 'किपिंग' पुल-अप्स, पायांची बोटे दांड्याला लावणे, एका दमात छाती दांड्याच्या वर नेणारा 'मसल-अप', जमिनीला समांतर शरीर धरून ठेवणारा 'फ्रंट लिव्हर' हे सारे मोबाइलच्या पडद्यावर सोपे दिसते. प्रत्यक्षात महिनोन्महिने धडपड करूनही ते जमत नाही आणि मग 'अजून ताकद कमी पडते' असा निष्कर्ष काढून वजने वाढवली जातात. बहुतेक वेळा ताकद पुरेशी असते; ती ज्या आकारातून वाहायला हवी तो आकारच शरीराला ठाऊक नसतो. दुखावलेले खांदे आणि सोललेले तळहात हे या अज्ञानाचे नित्याचे मोल होय.

हा दांडा व्यायामाच्या इतिहासात तसा अलीकडचा. जर्मनीत फ्रीडरिश लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हाझेनहाइडे येथे खुले व्यायाम मैदान सुरू केले आणि तिथून आडव्या दांड्यावरच्या कसरतींना शिस्तबद्ध रूप येत गेले. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराचे पहिले सुवर्णपदकही हेरमान वाइनगेर्टनर या जर्मन खेळाडूनेच पटकावले. स्पर्धेचा दांडा पोलादी, २.४ मीटर लांब आणि अवघा २८ मिलिमीटर जाडीचा असतो. तो वाकतो आणि परत उसळतो. आपल्या व्यायामशाळांतून 'सिंगल बार' या नावाने रुळलेला दांडा बहुधा याहून जाड, ताठ आणि बुटका असतो. हा फरक किरकोळ नव्हे. जाड दांड्यावर पकड लवकर थकते, ताठ दांडा झटका शोषून घेत नाही आणि बुटक्या दांड्याला लटकताना गुडघे दुमडावेच लागतात. गुडघे दुमडले की पुढचे सारे गणित बिघडते. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान लागेल.

दांड्याला स्तब्ध लटकलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य नेहमी दांड्याच्या बरोबर खाली येऊन थांबतो. दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग असतो. आता गुडघे वाकवून घोटे मागे आडवे टाकले (उद्यानात दहातले आठ जण असेच लटकलेले दिसतात) तर हे वजन दांड्याच्या मागे जाते आणि तोल राखण्यासाठी छाती व पोट आपोआप पुढे येते. कंबरेला बाक पडतो, बरगड्या पसरतात, पोटाचे स्नायू सैल होतात. अशा स्थितीत वर ओढताना हातांनी निर्माण केलेले बळ धडातून पायांपर्यंत पोहोचतच नाही; मधला भाग ओल्या दोरासारखा लवतो. याउलट पाय सरळ, जुळलेले आणि दांड्यापेक्षा किंचित पुढे ठेवले तर संपूर्ण देह एकसंध होतो. केवळ हा एक बदल केला तरी पुल-अप्सची संख्या पहिल्याच दिवशी एक-दोनने वाढल्याचा अनुभव अनेकांना येतो.

या एकसंध ठेवणीला जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षणात 'हॉलो' म्हणतात. मराठीत सांगायचे तर देहाची उथळ परात. ती आधी दांड्यावर शिकायची नसतेच. जमिनीवर पाठ टेकून शिकायची असते. उताणे झोपावे, कंबरेखालची पोकळी जमिनीवर दाबून पूर्ण मिटवावी, ओटीपोट किंचित नाभीकडे वळवावे, मग खांद्यांची पाती आणि सरळ पाय जमिनीपासून थोडेसेच उचलावेत. दंड कानांना लागलेले, पायांची बोटे ताणलेली. योगाभ्यास करणाऱ्यांना येथे नौकासन आठवेल, परंतु दोन्हींत महत्त्वाचा भेद आहे. नौकासनात छाती खुली राहते आणि शरीर नितंबांपाशी दुमडते. हॉलोमध्ये बरगड्या आत ओढलेल्या असतात आणि छातीपासून टाचांपर्यंत एकच सौम्य वक्र तयार होतो. कंबर जमिनीवरून सुटली की आकार मोडला असे समजावे. अशा वेळी पाय थोडे वर घ्यावेत किंवा गुडघे छातीकडे आणावेत, पण कंबर सोडू नये. वीस सेकंद अचूक स्थितीत राहणे हे एक मिनिट थरथरत पडून राहण्यापेक्षा कितीतरी मोलाचे.

दुसरा आकार नेमका उलटा. पालथे झोपून हात पुढे आणि पाय मागे लांबवून दोन्ही उचलणे, म्हणजेच 'आर्च'. शलभासनाशी याचे नाते जवळचे आहे. येथे चूक होते ती सारा बाक कंबरेत गोळा करण्याची. बाक छाती, कंबर आणि नितंब यांत वाटला गेला पाहिजे. नितंबांचे स्नायू आवळलेले आणि गुडघे जुळलेले असतील तर तो आपोआप वाटला जातो. दांड्यावरची झोक्याची बहुतेक प्रत्येक हालचाल म्हणजे या दोन आकारांतला योग्य क्षणी केलेला बदल असतो.

योग्य क्षण कोणता, याचे उत्तर नागपंचमीच्या झोक्याने आपल्याला केव्हाच दिलेले आहे. उभ्याने झोका चढवणारी मुलगी टोकाला पोहोचल्यावर गुडघे वाकवते आणि तळातून जाताना ताठ उभी राहते. तळाशी वेग सर्वाधिक असतो, शरीर बाहेर फेकले जात असते. त्या ओढीविरुद्ध ती आपले वजन दोराच्या वरच्या टोकाकडे नेते. तिने त्या क्षणी केलेले काम झोक्याच्या उंचीत जमा होते. मोठे गरगर फेरे घेणारा जिम्नॅस्ट हेच करतो, फक्त तो दोराच्या जागी स्वतःच असतो. खाली येताना देह पूर्ण लांबवायचा, तळाच्या जरा आधी छाती पुढे सोडून आर्चमध्ये यायचे आणि तळ ओलांडताच पाय झपाट्याने पुढे आणून हॉलो धरायचा. या झटक्याला जिम्नॅस्ट 'टॅप' म्हणतात. खाली येताना लांब आणि वर जाताना आखूड, एवढे सूत्र ध्यानात ठेवले की झोक्याचे रहस्य उलगडते. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सच्या एप्के झोंडरलँडने कसिना, कोव्हॅक्स आणि कोलमन या तीन कसरती एकापाठोपाठ केल्या. प्रत्येक वेळी दांडा सोडून, वरून उडून तो पुन्हा पकडला आणि सुवर्णपदक जिंकले. पाहणाऱ्याला त्यात धाडस दिसते. ते होतेच, पण प्रत्येक उड्डाणाची उंची त्याआधीच्या तळातील टॅपने ठरलेली होती.

सामान्य व्यायामप्रेमीने या उड्डाणांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. त्याच्या कामाचा आहे तो लहान झोका. दांड्याला लटकावे, पण खांदे कानांत रुतलेले नसावेत. कोपरे न वाकवता खांद्यांची पाती खाली ओढून मान मोकळी करावी. आता छाती दांड्याच्या पुढे जाऊ द्यावी, पाय मागे. हा आर्च. मग सरळ हातांनीच दांडा खाली दाबल्यासारखे करावे. त्याबरोबर खांदे मागे जातील आणि पावले पुढे येतील. हा हॉलो. या अदलाबदलीची सुरुवात खांद्यांतून व्हायला हवी, गुडघ्यांतून नव्हे. पायांनी लाथ मारल्यासारखे करून घेतलेला झोका दोन-चार वेळांत विस्कटतो आणि शरीर दांड्याखाली वळू लागते. खांद्यांतून घेतलेला झोका लहान असतो, दिसायला काहीसा कंटाळवाणा, पण घड्याळाच्या लंबकासारखा नियमित. असे दहा झोके सलग, पावले न विलगता आणि लय न चुकता येईपर्यंत पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. ज्यांना घाई आहे त्यांना हे पटत नाही.

लय बसल्यावर किपिंग पुल-अप जवळजवळ फुकट मिळतो. आर्चमधून हॉलोकडे येताना सरळ हातांचा दाब वाढवला की खांदे मागे जाऊन वर येऊ लागतात आणि क्षणभर शरीर हलके वाटते. कोपरे वाकवायची ती त्याच क्षणी. आधी वाकवली तर झोक्याचे बळ वाया जाते आणि संपूर्ण वजन दंडाच्या स्नायूंवर येते. उशिरा वाकवली तर देह पुन्हा खाली जाऊ लागलेला असतो. हनुवटी वर नेण्यासाठी मान मागे टाकण्याची सवय घातक आहे, कारण डोके मागे गेले की पाठोपाठ पाठीचा आकार मोडतो. नजर समोर, दांड्याच्या किंचित वर असावी.

या कसरतीचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे खाली येणे. दमलेला माणूस वर पोहोचताच हात सैल सोडतो आणि सरळ रेषेत खाली कोसळतो. कोपरे ताठ होताना साऱ्या वजनाचा हिसका खांद्याच्या सांध्याला बसतो. उखळीच्या मानाने मुसळ मोठे, अशी त्या सांध्याची रचना आहे. त्याची खोबण उथळ असते आणि त्याला जागेवर ठेवण्याचे काम मुख्यतः भोवतालचे लहान स्नायू आणि बंध करतात. म्हणून वरून दांडा स्वतःपासून दूर ढकलावा, म्हणजे शरीर कमानीतून मागे-खाली येते आणि तोच वेग पुढच्या आर्चमध्ये मुरतो. अगदी साधा हिशेब मांडला तरी याचे महत्त्व कळते. शरीराला ताठ काठी मानले आणि ती उभ्या रेषेशी ४५ अंशांच्या कोनातून झोका घेत आली, तर तळाशी हातांवर वजनाच्या सुमारे दीडपट ओढ येते. हीच काठी दांड्यावर हातांवर उभ्या असलेल्या स्थितीतून खाली आली तर ओढ वजनाच्या चौपट होते. साठ किलो वजनाच्या माणसाने दोन्ही हातांत मिळून २४० किलो पेलण्यासारखे झाले. ही ओढ सैल खांद्यांनी झेलायची की आवळलेल्या, एवढाच निर्णय आपल्या हाती असतो.

पकडीचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण गंभीर अपघात तिथे होतात. तळहात पुढे करून, वरून धरलेल्या दांड्यावर पुढच्या झोक्यात पकड टिकून राहते. मागच्या झोक्यात मात्र बोटे उघडू पाहतात. नवशिका जोर करून मागे फार वर गेला की त्याचे हात सुटतात आणि तो पुढच्या बाजूला तोंडावर पडतो. म्हणून मागचा झोका मुद्दाम लहान ठेवावा, अंगठा दांड्याभोवती गुंडाळलेला असावा आणि पकड जरा सैल वाटली तर झोका थांबवून खाली उतरावे. दाराच्या चौकटीत दाबून बसवलेल्या बारवर तर झोका कधीच घेऊ नये. तो केवळ घर्षणावर किंवा चौकटीच्या कडेवर टिकलेला असतो, उभ्या वजनापुरता. आडवा हिसका सोसण्यासाठी तो बनलेलाच नाही.

झोका घेतलेला पुल-अप खरा की खोटा, हा वाद जिममध्ये नेहमी रंगतो. क्रॉसफिट या व्यायामपद्धतीने किपिंगचा जगभर प्रसार केला; तिचा संस्थापक ग्रेग ग्लासमन स्वतः तरुणपणी जिम्नॅस्ट होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. माझ्या मते वादाची मांडणीच चुकते. स्थिर पुल-अप हा ताकदीचा व्यायाम आहे, किपिंग हा ताकद आणि समयज्ञान यांचा संयोग आहे. एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावण्यात अर्थ नाही. पण क्रम मात्र उलटता येत नाही. ज्याला झोक्याशिवाय पाच पुल-अप्स सावकाश करता येत नाहीत आणि सावकाश उतरता येत नाही, त्याने झोक्याने वर जाणे म्हणजे खांद्यावर न फिटणारे कर्ज काढणे आहे.

फ्रंट लिव्हरची कहाणी निराळी. तिथे झोका नाही, आहे ती शुद्ध तरफ. दांड्याखाली उताणे, जमिनीला समांतर शरीर धरायचे म्हणजे गुरुत्वमध्य खांद्यांपासून जितका दूर तितका खांद्यांवरचा भार अधिक. गुडघे छातीशी घेतल्यावर हे अंतर बरेच कमी होते, एक पाय लांबवला की वाढते, दोन्ही लांबवले की सर्वाधिक. म्हणून प्रशिक्षक टप्प्याटप्प्याने पाय उघडायला लावतात. स्पर्धेत अशा स्थिर स्थितीत १५ अंशांपर्यंत कोन चुकला तर ०.१, ३० अंशांपर्यंत ०.३ आणि ४५ अंशांपर्यंत ०.५ गुण जातात. त्याहून अधिक चुकल्यास कसरत धरलीच जात नाही. घरी कोणी गुण कापत नाही, त्यामुळे नितंब खाली लोंबकळलेले असतानाही आपण समांतर आहोत असा भ्रम टिकून राहतो. यावर उपाय स्वस्त आहे. मोबाइल बाजूला, दांड्याच्या रेषेत ठेवून चित्रण करावे. समोरून घेतलेल्या चित्रणात आकार दिसतच नाही.

आता शहरी वाचकाच्या खास अडचणीकडे येतो. दिवसातले आठ-नऊ तास संगणकापुढे बसणाऱ्याचे हात डोक्यावर सरळ जातच नाहीत. खात्री करायची असेल तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, कंबर भिंतीला टेकलेली. कोपरे न वाकवता दोन्ही हात समोरून वर न्यावेत आणि अंगठे मागे भिंतीला लावून पाहावेत. कंबर सुटल्याशिवाय ते लागत नसतील तर दांड्याला लटकल्यावरही हेच होणार: खांद्यांत नसलेली लवचीकता शरीर कंबरेकडून उसनी घेणार. अशा माणसाचा हॉलो कितीही सरावाने सुधारत नाही, कारण दोष पोटात नसून बगलेतल्या आणि छातीतल्या आखडलेल्या स्नायूंत असतो. त्याने काही आठवडे खांदे उघडण्यावरच खर्च करावेत. स्टुलावर कोपरे टेकून, गुडघ्यांवर बसून छाती खाली सोडणे, पाय जमिनीला टेकलेले ठेवून दांड्याला हलके लटकणे, दुमडलेल्या चादरीची गुंडाळी पाठीच्या वरच्या भागाखाली घेऊन उताणे पडणे हे रोज दहा मिनिटे केले तरी पुरे.

आपल्याकडे शरीराच्या ठेवणीचा हा विचार नवा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले, आणि त्या विद्येत आजही खांबाच्या बोंडावर मयूरासन करणाऱ्या मुलाचे पाय जुळलेले आहेत की नाहीत, बोटे ताणलेली आहेत की नाहीत, हे वस्ताद आधी पाहतात. मल्लखांबावर घडलेली मुले सिंगल बारवर पटकन रुळतात. त्यांना आकार आधीच येत असतो. नवी असते ती फक्त पकड.

सराव किती करावा? नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस, व्यायामाच्या सुरुवातीला, ताजेतवाने असताना. जमिनीवर हॉलो आणि आर्च प्रत्येकी वीस सेकंदांचे तीन फेरे, कोपरे न वाकवता खांद्यांची पाती खाली ओढण्याच्या आठ-दहा आवृत्त्या, मग दहा-दहा झोक्यांचे तीन फेरे. यात घाम फारसा येत नाही, म्हणूनच लोक तो टाळतात. तळहातावरचे घट्टे दगडाने घासून सपाट ठेवावेत. उंच वाढलेला घट्टाच दांड्यात अडकून फाटतो. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखी कळ येत असेल तर झोका बंद ठेवून स्थिर लटकण्यावर परतावे, आणि दोन आठवड्यांत ती गेली नाही किंवा रात्री कुशीवर झोपताना खांदा दुखू लागला तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. लहान मुलांच्या बाबतीत तर मनगट किंवा कोपर दुखत असल्याची तक्रार 'सवय होईल' म्हणून उडवून लावू नये. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा भाग असतो आणि वारंवार पडणारा ताण आधी तिथेच जाणवतो.